खोकल्याची बाटली एक, आतली औषधे तीन

पावसाळा सरला की ठाण्यात आणि नवी मुंबईत खोकल्याचे दिवस सुरू होतात. ऑक्टोबरचे कडक ऊन, त्यापाठोपाठ येणारा पहाटेचा गारवा, घोडबंदर रस्त्यावरील बांधकामांची धूळ, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील अवजड वाहनांचा धूर आणि सकाळच्या लोकलमध्ये खेटून उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेले विषाणू, या सगळ्यांची बेरीज मेडिकलच्या काउंटरवर दिसते. ‘कोरड्या खोकल्यावर काहीतरी द्या’ एवढ्या एका वाक्यावर बाटली हातात पडते आणि घेणाऱ्याची समजूत अशी असते की आपण खोकल्याचे औषध घेतले. प्रत्यक्षात लेबलाची मागची बाजू वाचली तर तिथे बहुधा तीन, कधी चार घटकांची नावे असतात. त्यांतील प्रत्येकाचे काम वेगळे, मात्रेची मर्यादा वेगळी आणि धोकाही वेगळा असतो. म्हणून अमुक सिरप चांगले की वाईट, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. बाटलीतला प्रत्येक घटक आपल्याला हवा आहे का आणि चालणार आहे का, हे विचारायला हवे.

आधी कोरड्या खोकल्याविषयी थोडे. सर्दी-पडशाचा विषाणू आठवड्याभरात निघून जातो, पण त्याने श्वासनलिकेचे आतले अस्तर सोललेले आणि तेथील चेतातंतू हळवे झालेले असतात. त्यामुळे थंड हवा, अगरबत्तीचा वास, फोडणीचा ठसका, फार बोलणे किंवा हसणे अशा किरकोळ कारणांनीही उबळ येते. कफ पडत नाही, बाहेर काढण्यासारखे आत काही नसते, तरी ढास थांबत नाही आणि रात्री आडवे झाल्यावर ती वाढते. असा खोकला दोन-अडीच आठवडे रेंगाळणे हे नेहमीचेच आहे. चार-पाच दिवसांत खोकला जायला हवा आणि गेला नाही म्हणजे औषध लागू पडले नाही, या समजुतीतूनच एका बाटलीवर दुसरी बाटली सुरू होते. खोकल्याचे सिरप विषाणू मारत नाही आणि आजाराचे दिवसही कमी करत नाही. त्याने मिळाला तर उबळीपासून काही तासांचा आराम मिळतो. तात्पुरत्या खोकल्यावरील या औषधांचे आजवर झालेले अभ्यास एकत्र ठेवून पाहिले, तर तो आरामही खात्रीने मिळतो असे म्हणण्याइतका पुरावा दिसत नाही. फायदा इतका बेताचा असल्यावर धोका पत्करण्याची तयारीही बेताचीच असावी, असे माझे मत आहे.

आता लेबल वाचू. कोरड्या खोकल्यासाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या सिरपमध्ये साधारण असे लिहिलेले आढळते: प्रत्येक ५ मिलिलीटरमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम आणि फेनिलेफ्रिन ५ मिलिग्रॅम. कंपनी बदलली की आकडे थोडे बदलतात, एखादा घटक बदलतो, मेंथॉलसारखा आणखी एखादा जोडला जातो, पण ढाचा हाच राहतो.

यांपैकी खोकला दाबण्याचे काम एकटे डेक्स्ट्रोमेथॉर्फन करते. मेंदूच्या तळाशी जिथून खोकल्याचा आदेश निघतो, तेथील संवेदनशीलता ते कमी करते. औषध घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत परिणाम सुरू होतो आणि पाच-सहा तास टिकतो. प्रौढांसाठी याची दिवसाची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम मानली जाते. यकृतातील ज्या विकराने हे औषध मोडले जाते तो काही माणसांमध्ये जन्मतःच मंद असतो. अशा माणसाला नेहमीच्या मात्रेनेही जास्त गुंगी येऊ शकते. शेजाऱ्याला मानवलेले सिरप आपल्यालाही मानवेल असे गृहीत न धरण्याचे हे एक साधे कारण आहे.

दुसरा घटक, क्लोरफेनिरामाइन, हे जुन्या पिढीतील अॅलर्जीविरोधी औषध आहे. नाकातून घशाच्या मागच्या बाजूला ओघळणारे पाणी ते आटवते. खोकला त्या ओघळण्यामुळे येत असेल तर याचा उपयोग होतो. नाक कोरडे असेल आणि फक्त घसा खवखवत असेल तर मात्र त्याचा मुख्य अनुभव म्हणजे झोप. झोप लागल्यामुळे खोकला कमी झाल्यासारखा वाटतो, आणि रात्री तेवढेही पुष्कळ असते, हे मान्य करायला हवे. परंतु तीच मात्रा सकाळी घेऊन रबाळे किंवा महापे एमआयडीसीत यंत्रावर उभे राहणाऱ्या कामगाराने, ऐरोलीच्या पुलावरून गाडी हाकणाऱ्या चालकाने किंवा दुचाकीवरून पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाने काय करायचे? लेबलावर ‘वाहन चालवू नये’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते वाचले जात नाही. जोडीला मद्य किंवा झोपेची गोळी असेल तर गुंगी दुप्पट नव्हे, त्याहूनही गहिरी होऊ शकते.

वयस्क माणसांसाठी हा घटक विशेष जपून वापरण्याचा आहे. तो तोंड कोरडे पाडतो, बद्धकोष्ठ वाढवतो, नजर अंधूक करतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी त्यामुळे अडू शकते, आणि काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातील दाब एकदम चढू शकतो. रात्री औषध घेऊन झोपलेले आजोबा पहाटे लघवीला उठताना तोल जाऊन पडतात किंवा आजी सकाळी असंबद्ध बोलू लागतात, तेव्हा घरातल्यांचे लक्ष रक्तदाबाकडे आणि साखरेकडे जाते, उशाशी ठेवलेल्या खोकल्याच्या बाटलीकडे जात नाही. त्यांच्या डॉक्टरांना या बाटलीबद्दल आवर्जून सांगावे.

तिसरा घटक फेनिलेफ्रिन. बंद नाक मोकळे करण्यासाठी रक्तवाहिन्या आकुंचित करणारे हे औषध आहे, आणि त्याची गोष्ट थोडी गमतीची आहे. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा बराचसा भाग रक्तात पोहोचण्याआधी आतड्यात आणि यकृतातच निष्प्रभ होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने, पोटात घेतलेले फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत बंद नाकावर परिणामकारक नाही, असे एकमताने म्हटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते अशा औषधांतून काढण्याचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडील बाटल्यांवर ते नाव अजून दिमाखात आहे. ज्याला नुसता कोरडा खोकला आहे आणि नाक मोकळे आहे, त्याला तर या घटकाचे काहीच कारण नाही. उलट रक्तदाब, हृदयविकार किंवा थायरॉइड वाढलेला असताना ते घेऊ नये, घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

हे तीन घटक निदान एकमेकांच्या विरोधात तरी जात नाहीत. काही बाटल्यांमध्ये तसेही घडते. ब्रोमहेक्झिन, अॅम्ब्रोक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन ही नावे दिसली तर ती बाटली कफ पातळ करून बाहेर काढण्यासाठी आहे, आणि साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन दिसले तर श्वासनलिका रुंद करण्यासाठी. दम्याचा त्रास नसलेल्या माणसाला शेवटच्या दोन औषधांनी नुसती हातांची थरथर आणि छातीतील धडधड मिळते. कफ सुटा करणारे औषध आणि खोकला दाबणारे औषध एकाच बाटलीत घालण्यामागचे तर्कशास्त्र मला आजवर उमगलेले नाही, कारण कफ सुटला तर तो खोकूनच बाहेर पडायचा असतो. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ संयुक्त औषधांवर बंदीचा आदेश काढला, त्यात ब्रोमहेक्झिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अमोनियम क्लोराइड आणि मेंथॉल यांचे मिश्रण होते. क्लोरफेनिरामाइन व कोडीन यांचे सिरपही त्याच यादीत होते. कोडीन हे अफूच्या कुळातील औषध आहे. त्याची सवय लागते, श्वास मंदावतो, आणि १२ वर्षांखालील मुलांना ते मुळीच द्यायचे नसते. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर कोडीन असलेले औषध मेडिकलवाल्याने नाकारले, तर तो अडवणूक करत नसून त्याचे काम नीट करत आहे.

एकाच घटकाची दोन दारे

संयुक्त औषधांमधून होणारी सर्वांत सामान्य गफलत म्हणजे एकच घटक दोन वाटांनी पोटात जाणे. समजा, कोणी वर सांगितलेले सिरप दिवसातून तीन वेळा १० मिलिलीटर घेत आहे. म्हणजे दिवसाला डेक्स्ट्रोमेथॉर्फन ६० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामाइन १२ मिलिग्रॅम आणि फेनिलेफ्रिन ३० मिलिग्रॅम झाले. हे सारे मर्यादेत आहे. पण अंग दुखते, नाक चोंदले आहे म्हणून त्याने सोबत सर्दीच्या गोळ्याही सुरू केल्या. अशा एका गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन १० मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम असणे नेहमीचे आहे. तीन गोळ्यांनी फेनिलेफ्रिन ६० मिलिग्रॅमवर, म्हणजे प्रौढांच्या दिवसाच्या कमाल मर्यादेवर पोहोचले, आणि क्लोरफेनिरामाइन १८ मिलिग्रॅमवर गेले, जिथे मर्यादा २४ आहे. त्यात संध्याकाळी ताप वाटला म्हणून साध्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या आल्या, तर पॅरासिटामॉलचाही हिशेब सुटतो, आणि त्याची किंमत यकृताला मोजावी लागते. या माणसाने कोणतेही औषध सांगितल्यापेक्षा जास्त घेतलेले नाही. वेगवेगळ्या नावांची तीन पाकिटे त्याने तीन वेगवेगळी औषधे समजून घेतली, एवढेच झाले. म्हणून ब्रँडचे नाव बाजूला ठेवून घटकांची नावे ताडून पाहावीत. अक्षरे बारीक असतील तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचावीत, किंवा घरात चालू असलेली सगळी पाकिटे पिशवीत घालून मेडिकलमध्ये न्यावीत आणि फार्मासिस्टकडून ती ताडून घ्यावीत. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या आजाराची चालू औषधे हा याहून गंभीर भाग आहे. नैराश्य किंवा चिंतेसाठी दिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधे आज पुष्कळ घरांत असतात, मात्र त्यांचा उल्लेख चारचौघांत, मेडिकलच्या काउंटरवर तर मुळीच, होत नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्यांच्यासोबत गेले तर मेंदूतील सेरोटोनिन नावाच्या रसायनाची क्रिया प्रमाणाबाहेर वाढू शकते. मग अस्वस्थता, दरदरून घाम, हातापायांची थरथर, छातीची धडधड, ताप, स्नायूंचा ताठरपणा अशी लक्षणे दिसतात. तसे झाल्यास औषध थांबवून तडक रुग्णालय गाठावे. कंपवातासाठी सेलेजिलिन किंवा रासाजिलिन घेणाऱ्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फन टाळावे, आणि ती औषधे बंद केल्यानंतरही दोन आठवडे ते घेऊ नये. लिनेझोलिड हे प्रतिजैविकही याच गटात मोडते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात ते वापरले जाते, आणि क्षयरोग्याला खोकला असतोच, म्हणून ही जोडी नकळत जुळण्याची शक्यता फार आहे. काउंटरवर मोठ्याने सांगणे अवघड वाटत असेल तर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो दाखवावा.

मधुमेही माणसांनी सिरपमधील साखरेचा हिशेब धरावा. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बाटलीत साखरेऐवजी बहुधा सॉर्बिटॉल असते, त्याने कोणाकोणाला जुलाब होतात. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी काउंटरवरून कोणतेही संयुक्त सिरप घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारून शक्यतो एकच घटक असलेले औषध घ्यावे.

मुलांच्या बाबतीत

येथे भाषा अधिक स्पष्ट असायला हवी. डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तशी सूचना लेबलावर छापावी, असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत व विकूही नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. या सूचनेला एक दुःखद पार्श्वभूमी होती. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात एक दूषित सिरप पोटात गेल्याने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि अनेक बालके दगावली. त्यांतील काहींवर नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रावक आढळले. पातळ औषधांसाठी लागणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये हे स्वस्त आणि तसेच गोडसर द्रावक मिसळले जाते, आणि कच्च्या मालाची तपासणी झाली नाही तर ते बाटलीपर्यंत पोहोचते. मुंबई परिसराला हा प्रकार नवा नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला होता.

असली भेसळ घरी चव घेऊन किंवा रंग पाहून ओळखता येत नाही. आपल्या हाती एवढेच आहे की गरज नसताना पातळ औषध द्यायचे नाही, पावतीशिवाय घ्यायचे नाही आणि बाटलीवरील बॅच क्रमांक फाटलेला किंवा खोडलेला असेल तर ती परत करायची. औषध दिल्यानंतर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा मूल मलूल पडले, तर वाट न पाहता बाटलीसह रुग्णालयात जावे.

मग लहान मुलाच्या खोकल्याचे करायचे काय? एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध दिल्याने रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो, आणि याला खोकल्याच्या सिरपपेक्षा अधिक आधार आहे. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये, मग घरातील मोठी माणसे कितीही आग्रह करोत, कारण मधातील जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत, पाणी वरचेवर पाजावे, खोलीत डास मारण्याची उदबत्ती लावू नये. मोठ्यांसाठीही मध, कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि तोंडात खडीसाखर हे पहिले उपाय आहेत. ज्येष्ठमधाची कांडी चघळायला हरकत नाही, पण ती दिवसभर आणि अनेक दिवस चालू राहिली तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. वनस्पतीचे आहे म्हणून कितीही चालेल, हा हिशेब येथेही खरा नाही.

सिरप घ्यायचे ठरवले तर ते मोजून घ्यावे. स्वयंपाकघरातील चमचे घरोघरी लहानमोठे असतात आणि बाटली तोंडाला लावून घेतलेला घोट किती भरला हे कोणालाच सांगता येत नाही. बाटलीसोबतच्या झाकणावर किंवा मापावर रेषा असतात. माप सपाट जागी ठेवून, नजर रेषेच्या पातळीत आणून ओतावे. घेतल्यावर वेळ लिहून ठेवावी, म्हणजे रात्री अर्धवट झोपेत पुन्हा मात्रा घेतली जाणार नाही. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. मोठ्या प्रमाणात डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतल्यास नशा चढते आणि भासही होतात. किशोरवयीन मुले त्यासाठी ते मुद्दाम घेतात, म्हणून बाटली कुलपात ठेवणे हे केवळ लहान बाळांच्या घरातले काम नव्हे. कोणी जास्त औषध घेतल्याचे लक्षात आले तर उलटी करवण्याच्या भरीस न पडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तीन-चार दिवसांत काहीच फरक पडला नाही तर बाटली बदलण्यापेक्षा निदान बदलते का ते पाहावे. रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, चिवट खोकला येतो. गोळी सुरू होऊन महिने लोटल्यावरही तो येऊ शकतो. गोळी बदलल्यावर तो साधारण एक ते चार आठवड्यांत थांबतो, पण ती स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. पोटातील आम्ल घशाशी येणाऱ्यांचा खोकला जेवून लगेच आडवे झाल्यावर वाढतो. काहींना दम्यात छाती वाजण्याऐवजी फक्त खोकलाच येतो. यांपैकी कशावरही खोकला दाबणारे सिरप हा इलाज नाही, उलट त्यामुळे मूळ कारण कळायला उशीर होतो. खोकल्यातून रक्त पडणे, दम लागणे, छातीत दुखणे, न उतरणारा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बाकी लक्षणे नसली तरी थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोग कार्यक्रमाखाली ही तपासणी मोफत होते. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांची आरोग्य केंद्रे व रुग्णालये, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय, यांपैकी जवळ पडेल तिथे जावे. क्षयरोगाविषयी माहितीसाठी १८००-११-६६६६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

उरलेल्या बाटलीविषयी एक व्यावहारिक सूचना. लेबलावरील मुदत न उघडलेल्या बाटलीसाठी असते, त्यामुळे गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली मुदतीत असली तरी वापरू नये. औषधाने अंगावर पुरळ, विचित्र गुंगी किंवा इतर काही त्रास झाला तर मात्र बाटली, तिचे खोके आणि पावती टाकून देऊ नये. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो, आणि तेव्हा बाटलीवरील बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव व खरेदीची तारीख हाताशी असावी लागते.